देणगी वर्षाची, काम पिढीचे



अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या एका देणगी समितीवर मी काही वर्षे काम करतो आहे. महाराष्ट्रातल्या सामाजिक संस्थांकडून अर्ज मागवायचे, त्यांची छाननी करायची, पैसे पाठवायचे आणि वर्षअखेर अहवाल वाचायचे, असे त्याचे स्वरूप. या अनुभवावरून माझे मत झाले आहे, की एकेका वर्षापुरती देणगी देण्याची पद्धत आपल्या सोयीची आहे, संस्थांच्या नव्हे. तिचे काही परिणाम चांगल्या कामाला मारक आहेत, म्हणून हे थोडे सविस्तर लिहितो.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेचे उदाहरण घ्या. गडचिरोली जिल्ह्यातल्या ३९ गावांत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग झाला, ४७ गावे तुलनेसाठी ठेवली होती. १९९३ ते १९९५ हा काळ पायाभूत आकडे गोळा करण्यात गेला; घरोघरी उपचार नंतर सुरू झाले. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्यूंचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. २०११ साली भारत सरकारने ‘आशा’ कार्यकर्त्यांमार्फत ही पद्धत देशभर नेली.

आता कल्पना करा, की १९९४ साली आमच्यासारख्या समितीपुढे या कामाचा वार्षिक अहवाल आला आहे. ‘यंदा आम्ही जन्म आणि मृत्यू मोजले.’ किती बाळे वाचली? रकाना रिकामा. त्याच बैठकीत दुसऱ्या अर्जासोबत नव्या कोऱ्या इमारतीचा फोटो असता, तर आम्ही कोणाला झुकते माप दिले असते, हे सांगायला नको. अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम घ्या. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती १९८९ सालची. जादूटोणाविरोधी कायदा झाला २०१३ साली, तोही डॉ. दाभोलकरांचा खून झाल्यानंतर. मधल्या कोणत्या वर्षाच्या अहवालात ‘निष्पत्ती’ दाखवायची?

दुसरा मुद्दा मानधनाचा. पुस्तके, संगणक, पाण्याची टाकी यांना देणगीदार हौसेने पैसे देतात. शिकवणाऱ्या ताईंच्या पगाराचा विषय निघाला, की ‘हा तर ओव्हरहेड’ म्हणून कपाळाला आठ्या पडतात. गंमत म्हणजे भारताचा परदेशी देणग्यांचा कायदा, म्हणजे एफसीआरए, याबाबत आपल्यापेक्षा समंजस आहे. त्याच्या नियमांनुसार शाळेतल्या शिक्षकांचा किंवा रुग्णालयातल्या डॉक्टरांचा पगार प्रशासकीय खर्चात धरला जात नाही. तो उद्दिष्टावरचाच खर्च समजतात.

मी वाचलेल्या एका अहवालात ताईंचे मानधन तीन महिने थकल्याचे खर्चाच्या तक्त्यावरून कळत होते. मजकुरात त्याचा अवाक्षरानेही उल्लेख नव्हता. कारण सरळ आहे. आमचा निर्णय होऊन पैसे पोचायला उशीर झाला होता, आणि पुढच्या वर्षीचा अर्ज संस्थेला आमच्याकडेच करायचा होता. पैसे देणाऱ्यालाच ‘तुमच्यामुळे खोळंबा झाला’ असे कोण लिहील?

यात २०२० सालच्या एफसीआरए दुरुस्तीची भर पडली आहे. पूर्वी पुण्या-मुंबईच्या मोठ्या नोंदणीकृत संस्थेमार्फत दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेला पैसे पोचवता येत. आता परदेशी देणगी पुढे हस्तांतरित करता येत नाही. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली, आणि पैसे आधी दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या ठरलेल्या शाखेतच घ्यावे लागतात. नव्या संस्थेला नोंदणी हवी असेल, तर तीन वर्षांचे अस्तित्व आणि त्या काळात मुख्य कामावर १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो. साहजिकच नंदुरबारच्या पाड्यावरचा छोटा गट आपल्या यादीतून आपोआप गळतो. आपल्यापैकी ज्यांच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे, त्यांनी स्वतःच्या बचतीतून रीतसर बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी मानली जात नाही, हे मुद्दाम लक्षात ठेवावे. छोट्या गटांसाठी ही एक वाट अजून खुली आहे.

‘घामाचे पैसे आहेत, हिशेब नको का मागायला?’ असे काहीजण विचारतील. जरूर मागावा. लेखापरीक्षण झालेले जमाखर्च दरवर्षी पाहावेत, शंका असेल तर प्रत्यक्ष जाऊन यावे. पण हिशेब दोन्हीकडून हवा. पूर्ण फॉर्म ९९० भरणाऱ्या अमेरिकन संस्था परदेशातल्या अनुदानांची माहिती ‘शेड्यूल एफ’मध्ये देतात. त्यात ‘दक्षिण आशिया’ हा प्रदेश असतो, कारण असते, रक्कम असते; पैसे घेणाऱ्या संस्थेचे नाव नसते. म्हणजे आपण स्वतःहून जाहीर केले नाही, तर आपल्याच देणगीदारांना पैसे कोणाला गेले ते कळायचे नाही. गावच्या संस्थेकडून पावती-पावती मागणाऱ्यांना हे शोभत नाही.

म्हणून माझ्या सूचना अशा:

१. निवडलेल्या संस्थेला तीन वर्षांचा शब्द द्यावा. हिशेब दरवर्षी घ्यावा, पण नवा अर्ज मागू नये.

२. देणगीचा ठरावीक भाग कार्यकर्त्यांच्या मानधनासाठी राखावा.

३. अहवाल मराठीत घ्यावा. आपण मराठी, संस्था मराठी, आणि अहवाल इंग्रजीत! यात फावते ते इंग्रजी लिहिणारा माणूस पदरी असलेल्या संस्थेचे.

४. अहवालात ‘यंदा काय जमले नाही?’ हा प्रश्न असावा, आणि त्याच्या उत्तरामुळे देणगी थांबणार नाही, असे लेखी सांगावे.

५. कोणाला किती दिले, कोणत्या निकषांवर दिले आणि समितीतल्या कोणाचे त्या संस्थेशी नाते आहे, हे सर्व देणगीदारांना कळवावे. नकार दिलेल्या अर्जदारांनाही कारण कळवावे.

यापैकी पाचही गोष्टींना जादा पैसे लागत नाहीत. फक्त दरवर्षी नव्याने ‘दाता’ होण्याचे सुख सोडावे लागेल. समतेची भाषा आपण व्यासपीठावर नेहमीच करतो. देणाऱ्या आणि घेणाऱ्याच्या नात्यातही ती यायला हवी. पुढच्या फेरीचे अर्ज मागवण्याआधी आपापल्या संस्थेत हा विषय जरूर काढा.