विश्लेषण : लिव्हर ॲक्शन कार्बाइन धाराशिवच्या शेतात चालेल का?

डिसेंबर २०२४ मध्ये येडशी रामलिंग घाट अभयारण्यातील ट्रॅप कॅमेऱ्यात वाघ दिसला. यवतमाळच्या टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर चालत तो इथे पोहोचला होता. पुढे धाराशिव आणि शेजारच्या बार्शी तालुक्यात जनावरे मारली गेली आणि रात्री पाणी द्यायला शेतात जाणे अवघड झाले. रानडुक्कर आणि हरणांचा त्रास तर त्याआधीपासूनचा. अशा वेळी मोबाइलवर अमेरिकी शिकाऱ्यांचे व्हिडीओ दिसतात. आखूड, हलकी, कडी ओढली की पुढचे काडतूस तयार, अशी बंदूक आपल्याकडे का नको, हा प्रश्न मग साहजिकच पडतो.

ही बंदूक असते कशी?

लिव्हर ॲक्शन म्हणजे चापाभोवतीची कडी खाली ढकलून परत वर आणायची. तेवढ्यात रिकामे काडतूस बाहेर पडते आणि नवे नळीत बसते. विंचेस्टर कंपनीचे १८७३ चे मॉडेल आणि जॉन ब्राउनिंग यांनी आखलेले १८९२ चे मॉडेल यांनी हा प्रकार रुजवला. कंबरेच्या रिव्हॉल्व्हरला आणि खांद्यावरच्या बंदुकीला एकच काडतूस, ही त्यामागची सोय होती. १९३५ मध्ये .३५७ मॅग्नम आणि १९५० च्या दशकात .४४ मॅग्नम ही जोरकस पिस्तुली काडतुसे आली आणि पुढे याच धाटणीच्या कार्बाइनमध्ये वापरली जाऊ लागली.

लांब नळीमुळे बारूद पूर्ण जळायला वाव मिळतो. रिव्हॉल्व्हरमधून साधारण १,३०० फूट प्रतिसेकंद वेगाने सुटणारी .३५७ ची गोळी सोळा-अठरा इंची नळीतून १,८०० फुटांच्या आसपास जाते. धक्का मात्र मोठ्या रायफलीपेक्षा कमी बसतो. शंभर मीटरच्या आत डुकरासारख्या जनावरासाठी .३५७ पुरेशी मानली जाते. .४४ ची गोळी जड, तिचा घाव मोठा आणि धक्काही जास्त. अमेरिकेतला खरेदीदार या दोनांतून निवड करतो.

इथली निवड कायदा करतो

भारतातील शस्त्र कायदा १९५९ चा. त्याच्या कलम १३ मध्ये शेतकऱ्याचा थेट विचार केलेला आहे, पण तो ठासणीच्या बंदुकीपुरता. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक, आणि ती पुरेशी नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री पटली तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक, म्हणजे व्यवहारात १२ बोअर. कार्बाइनच्या नळीत आटे असतात, म्हणून ती या सवलतीत बसत नाही. तिच्यासाठी वेगळे ‘सबळ कारण’ दाखवावे लागते आणि ते पटले की नाही हे जिल्हाधिकारी ठरवतात. शिवाय बोअर प्रतिबंधित गटात नाही ना, हे परवाना शाखेकडून आधीच लेखी घेतलेले बरे. सैन्याच्या काडतुसांचे .३०३ आणि ९ मिमी हे बोअर सामान्य माणसाला बंद आहेत. म्हणूनच तर देशी कारखान्यांनी .३१५ बोअरची रायफल आणि .३२ चे रिव्हॉल्व्हर बनवले.

परवाना मिळाला तरी बंदूक आणायची कुठून? १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य परवानाधारकाला परदेशी शस्त्र आयात करता येत नाही. उरते ती जुन्या घराण्यांकडची, वारसाहक्काने आलेली किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे आलेली जुनी बंदूक. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात आणि वारशाची बंदूकही त्याच मोजणीत येते. आजोबांची विंचेस्टर ठेवायची तर घरातली दुसरी एखादी जमा करावी लागू शकते.

येडशीच्या आसपास आणखी एक अट

याची चर्चा फारशी होत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३४ नुसार अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवा शस्त्र परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसंमती लागते. येडशी रामलिंग अभयारण्य जेमतेम बावीस चौरस किलोमीटरचे, पण दहा किलोमीटरच्या वर्तुळात कितीतरी गावे येतात. वाघाची भीती सर्वात जास्त असलेल्या गावांतच बंदुकीची वाट सर्वात अरुंद आहे.

आणि बंदूक असली म्हणून जनावर मारता येत नाही. राज्य सरकारने २०१५ मध्ये पिकांचे नुकसान करणाऱ्या रानडुक्कर आणि रोहीबाबत परवानगीची पद्धत घालून दिली, पण आदेश वन विभागाकडूनच यावा लागतो. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. पेरलेले सोयाबीन कळपाने खाल्ले तरी त्याच्यावर गोळी झाडता येत नाही. वाघ-बिबट्याबाबत तीन ते सात वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना प्राणी मारला गेला तर कलम ११ चे संरक्षण मिळते, मात्र ते पीक किंवा गुरे वाचवण्यासाठी नाही. त्या नुकसानीची भरपाई वन विभागाकडेच मागावी लागते.

सपाट रान आणि मॅग्नमची गोळी

समजा सगळे कागद जुळले. तरी भूम-परंड्याच्या उघड्या रानात मॅग्नमची कार्बाइन हे १२ बोअरपेक्षा चांगले हत्यार आहे असे म्हणता येत नाही. छर्रे काही शे मीटरांत थकतात, तर .३५७ ची चुकलेली गोळी दीड किलोमीटरपलीकडेही जाऊ शकते. डोंगरात मागे मातीचा आडोसा मिळतो, इथे मागे वस्ती, ऊसतोड कामगारांच्या कोप्या किंवा रात्रपाळीला पाणी देणारा शेजारी असतो. अंधारात, बॅटरीच्या उजेडात, पळत्या डुकरावर झाडताना हा फरक महत्त्वाचा ठरतो.

प्रशासनाचा कलही सध्या परवाने वाढवण्याकडे नाही. शेजारच्या बीडमध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ रोजी हत्या झाली. त्यानंतर तिथले बाराशेहून अधिक शस्त्र परवाने चर्चेत आले आणि शंभराहून अधिक रद्द झाले. त्यात पीकसंरक्षणाचे कारण घेऊन येणारा शेतकरी आणि कंबरेला पिस्तूल लावून मिरवणारा कार्यकर्ता एकाच रांगेत उभे राहतात. अर्जात गट नंबर, पीक, नुकसानीचे पंचनामे आणि वन विभागाकडे आधी केलेल्या तक्रारी जोडल्या तर हा फरक निदान कागदावर दिसतो. मागणी ठासणीच्या किंवा १२ बोअरच्या बंदुकीची असेल, तर कलम १३ ची सवलतही बाजूने बोलते. परवाना पाच वर्षांचा असतो आणि निवडणुकीच्या काळात बंदूक पोलिस ठाण्यात जमा करण्याचा आदेश येऊ शकतो, डुकरे तेव्हा शेतात असली तरी.