लम्पीची गाठ लपवली तर नुकसान आपलंच

मृग तोंडावर आलाय. बियाणं, खत, पेरणीचा पैसा या गडबडीत गोठ्याकडं कुणाचं लक्ष जात नाही. आणि लम्पीची लस टोचून घ्यायची वेळ नेमकी हीच असते. मागच्या काही वर्षांत आपण काय केलं ते आठवून बघा. पाऊस पडला, डास-माश्या वाढल्या, श्रावणात कुणाच्या तरी गाईच्या अंगावर गाठी दिसल्या. मग गावभर फोनाफोनी, डॉक्टरांना बोलावणं, लशीसाठी घाई. पोळ्याला बैल दावणीलाच. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

सरकारी लस फुकट मिळते. तरी हा आजार गावातून हटत का नाही, याचा हिशेब आज मांडायचा आहे.

आजार आला कुठून

लम्पी पहिल्यांदा १९२९ साली आफ्रिकेतल्या झांबियात दिसला. भारतात तो २०१९ मध्ये ओडिशात सापडला. पुढच्याच वर्षी आपल्या राज्यात गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंचा तालुक्यात आला. तेव्हा बाकीच्या महाराष्ट्रानं फारसं मनावर घेतलं नाही. मग ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यात रावेर तालुक्यातल्या चिनावल गावात जनावरं आजारी पडली आणि महिनाभरात आजार जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचला. सप्टेंबरमध्ये सगळं राज्य 'नियंत्रित क्षेत्र' जाहीर झालं. जनावरांचे बाजार, शर्यती, प्रदर्शनं बंद झाली. त्या एका वर्षात देशभरात दीड लाखाहून जास्त गोवंश दगावला. त्यात सर्वात मोठा फटका राजस्थानला बसला.

हा विषाणू देवीच्या कुळातला आहे. माणसाची देवी जगातून गेली, पण त्या कुळातले बाकीचे विषाणू अजून आहेत. शेळ्या-मेंढ्यांना होणारी देवी ही लम्पीची अगदी जवळची भावकी. म्हणून तर शेळ्यांच्या देवीची लस गाई-बैलांना टोचतात. 'शेळीची लस गाईला कशी चालेल?' असं पारावर अजून विचारलं जातं. उत्तर सोपं आहे. १७९६ साली इंग्लंडमध्ये जेन्नर या डॉक्टरनं गाईच्या देवीचा द्रव वापरून माणसाला देवीपासून वाचवलं होतं. भावकीतल्या सौम्य विषाणूची शरीराला ओळख करून दिली, की शरीर दुसऱ्यालाही अडवतं. लम्पीच्याच विषाणूपासून बनवलेली लसही हिसारच्या शास्त्रज्ञांनी बरेलीच्या संस्थेसोबत तयार केली असून ती २०२२ मध्येच जाहीर झाली.

दुधाची भीती विनाकारण

२०२२ मध्ये मोबाईलवर फिरलेले मेसेज आठवत असतील. 'लम्पीचं दूध प्यायल्यानं माणसाला गाठी येतात', असं सांगून काहीतरी भलतेच फोटो जोडलेले होते. लम्पी माणसाला होत नाही. दूध उकळून प्यायलं तर भीतीचं कारण नाही. लेकरांना कांजिण्या आल्या तरी त्याचा गाईशी संबंध नाही, तो विषाणूच वेगळ्या कुळातला. म्हशींमध्येही हा आजार कमी दिसतो. मुख्य धोका गाय, बैल आणि वासरांना. संकरित गाईंना त्रास जास्त होतो.

हे पुन्हा सांगण्याचं कारण असं, की या अफवेमुळंच शेतकरी आजार लपवायला लागला. डेअरीवाला दूध घेणार नाही, शेजारी बोलणार, मग कशाला सांगायचं?

पसरतो कसा

चावणाऱ्या माश्या, डास आणि गोचीड हे लम्पीचे वाहक. आजारी जनावराला चावलेली माशी शेजारच्या दावणीवर गेली की काम झालं. एकत्र चारा-पाण्यानं, नाका-तोंडाच्या स्रावानंही तो पसरू शकतो. पण माशी काही दहा गावं ओलांडून जात नाही. लांबच्या गावात आजार नेतो तो आपला टेम्पो. बाजारात विकलेलं जनावर, शर्यतीला नेलेली जोडी, पाहुण्याकडून आणलेली कालवड. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या बैलगाड्यांसह निघतात, तेव्हा एका जिल्ह्यातले बैल दुसऱ्या जिल्ह्यातल्या फडात जाऊन उभे राहतात. या बैलांना गाव सोडण्याआधी लस मिळाली का, हे बघायला हवं.

आणखी एक गोष्ट. विषाणू अंगात शिरल्यापासून गाठी दिसेपर्यंत एक ते चार आठवडे जाऊ शकतात. म्हणजे बाजारात तुकतुकीत दिसलेलं जनावर घरी आल्यावर आजारी पडतं. दोष देणार कुणाला?

लस देऊनही आजार का?

पहिलं कारण उशीर. लस टोचल्यावर अंगात ताकद तयार व्हायला साधारण तीन आठवडे लागतात. गावात गाठी दिसल्यावर टोचलं तर मधल्या दिवसांत जनावर उघडंच राहतं. आजार सापडलेल्या गावाभोवती पाच किलोमीटरच्या परिघात लस देतात ती आग आजूबाजूला पसरू नये म्हणून. घर पेटण्याआधीचं काम वेगळं आणि ते पावसाआधीच व्हायला हवं.

दुसरं, लशीचा भरवसा साधारण वर्षाचा. 'मागं एकदा टोचलंय' हे कामाचं नाही.

तिसरं, लस थंडीत राहिली पाहिजे, दोन ते आठ अंशांत. उन्हात गाडीच्या डिकीत राहिलेली लस टोचून उपयोग नाही. बर्फाचा डबा आहे का, हे डॉक्टरांना विचारायला लाजू नका. प्रत्येक जनावराला नवी सुई घेतात का, तेही बघा. एकाच सुईनं गोठा टोचला तर माशीचं काम आपणच केल्यासारखं होतं.

चौथं कारण वासरं. लस दिलेल्या गाईच्या चिकातून वासराला काही महिने संरक्षण मिळतं, म्हणून चार महिन्यांच्या आतली वासरं सहसा वगळतात. पण ती चार महिन्यांची होतात तोवर लसवाले गाव सोडून गेलेले असतात. मग त्यांच्यासाठी परत कुणी येत नाही आणि आपणही बोलावत नाही.

माझ्या गोठ्यातली बातमी

हे चौथं कारण मी पुस्तकात वाचलेलं नाही. २०२३ मध्ये आमच्या गोठ्यात गाईला लस झाली तेव्हा वासरू तीन महिन्यांचं होतं, म्हणून राहिलं. पुढं मी विसरलो. भाद्रपदात त्याला ताप आला, डोळ्यातून पाणी, मग मानेवर आणि पाठीवर सुपारीएवढ्या गाठी. बघताक्षणी कळलं काय आहे ते. तरी चार दिवस मी कुणाला सांगितलं नाही. दूध बंद होईल, लोक काय म्हणतील, हेच डोक्यात. गावोगावच्या बातम्या देणारा मी, स्वतःच्या गोठ्यातली बातमी दाबून बसलो.

डॉक्टर आले तेव्हा वासराचे पाय सुजले होते. दोन दिवसांनी ते गेलं. त्यानंतर पंधरा दिवसांत बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्याच्या बैलाच्या अंगावर गाठी आल्या. माझ्याच गोठ्यातून गेल्या की नाही, हे कुणी सिद्ध करू शकत नाही. पण ऐन हंगामात त्याचा बैल दीड महिना बसून होता आणि त्यानं मला एका शब्दानं विचारलं नाही. ते जास्त लागलं.

लपवण्यात फायदा कुणाचाच नाही

जनावरांच्या सांसर्गिक रोगांबाबत २००९ चा केंद्राचा कायदा आहे. आजाराची शंका आली तर मालकानं ग्रामपंचायतीला किंवा गावच्या अधिकाऱ्याला कळवायचं, त्यांनी पशुवैद्यकापर्यंत पोहोचवायचं, असं त्यात सांगितलंय. कायदा बाजूला ठेवा, पैशाचं बघा. २०२२ मध्ये राज्य सरकारनं लम्पीनं दगावलेल्या दुधाळ गाईला ३० हजार, बैलाला २५ हजार आणि वासराला १६ हजार रुपये मदत ठरवली होती. दरवेळी तेवढी मदत असेलच असं धरून चालू नका. पण मदत कधीही निघो, ती नोंद आणि पंचनाम्यावरच मिळते. गुपचूप पुरलेल्या जनावराचा पंचनामा होत नाही.

सरकारी बाजूनंही हिशेब द्यायला हवा. एका पशुवैद्यकाकडं कितीतरी गावं असतात, जागा रिकाम्या असतात, लस पावसानंतर येते. ग्रामसभेत रस्ता-गटारीसोबत एक प्रश्न विचारा: आपल्या गावात लसीकरण कधी आणि राहिलेल्या वासरांसाठी दुसरी फेरी कधी? तारीख लिहून घ्या.

या पंधरवड्यात करायचं काय

- कानात बिल्ला नसेल तर आधी मारून घ्या. लशीची नोंद त्याच नंबरावर होते. जनावर विकत घेताना ती नोंद बघायला मागा.
- नवीन आणलेलं जनावर चार आठवडे वेगळं बांधा.
- गोठा कोरडा ठेवा, शेणाचा उकिरडा लांब करा, संध्याकाळी कडुलिंबाचा धूर करा. गोचिडाचं औषध डॉक्टरांना विचारूनच लावा.
- ताप, नाका-डोळ्यातून पाणी, चारा कमी खाणं, दूध घटणं आणि गाठी दिसल्या तर जनावर लगेच वेगळं बांधा आणि १९६२ या टोल फ्री नंबरवर किंवा दवाखान्यात कळवा.
- विषाणूवर थेट औषध नाही. डॉक्टर देतात ती औषधं ताप, सूज आणि जखमा चिघळू नयेत म्हणून. घरचा पाला-लेप आधाराला ठीक, पण त्याच्या भरवशावर आठवडा घालवू नका.
- पडलेल्या खपल्यांत विषाणू महिनाभर टिकू शकतो. त्या गोळा करून जाळा.
- दगावलेलं जनावर ओढ्यात टाकू नका. खोल खड्डा, वर चुना.

वेळेत उपचार झाले तर बहुतेक जनावरं वाचतात, हे लक्षात ठेवा. माझ्या वासराला ते चार दिवस मिळाले असते तर कदाचित ते आज खोंड झालं असतं. उद्या सकाळी धार काढून झाली की एकदा गोठ्यातली वासरं मोजा आणि किती टोचायची राहिलीत ते बघा.