सातबारा ऑनलाइन, गायरान मात्र वाऱ्यावर!

शेती संगणकावर आली, कारभार पारदर्शक झाला, असा गाजावाजा राज्यकर्ते करीत आहेत. यंत्राला आमचा विरोध नाही. तलाठ्याकडे हेलपाटे घालून ज्यांच्या चपला झिजल्या, त्यांना संगणक नको कसा असेल? प्रश्न इतकाच, की या संगणकात आम्ही आहोत काय?

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. पूर्वी तलाठी गाव नमुना १२ मध्ये पीक नोंदवीत असे. आता शेतकऱ्यानेच शेतात उभे राहून मोबाईलवर पिकाचा फोटो काढायचा. माळावर नेटवर्क नाही, घरातला एकुलता स्मार्टफोन शहरात कामाला गेलेल्या पोराच्या खिशात. नोंद राहिली की नुकसानभरपाईच्या वेळी अडवणूक ठरलेली. हे दुखणे सर्वच लहान शेतकऱ्यांचे आहे.

परंतु आमचे दुखणे नेटवर्क आल्याने बरे होणारे नाही. ॲपला गट नंबर आणि खातेदाराचे नाव लागते. मराठवाड्यात गायरान कसणाऱ्या दलित कुटुंबांच्या पिढ्या त्याच मातीत राबल्या. सातबाऱ्यावर मात्र नाव सरकारचे! १४ एप्रिल १९९० पूर्वीची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय २८ नोव्हेंबर १९९१ रोजी निघाला. तरी कित्येकांच्या हाती कागद पडला नाही. त्यात एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी फार्मर आयडी सक्तीचा झाला. तोही जमिनीच्या नोंदीवरच मिळतो. म्हणजे जो कागदावर नाही तो संगणकात नाही आणि जो संगणकात नाही तो शेतकरीच नाही!

बाबासाहेबांनी १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये शेतजमीन राज्याच्या मालकीची करून जातिभेद न पाळता गावकऱ्यांना कसायला द्यावी, अशी मांडणी केली. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांनी तुरुंग भरले ते जमिनीसाठीच. त्या लढ्याचा हक्क आज एका ॲपच्या रकान्यात अडकू देणार काय?

आमची मागणी साधी आहे. गाव नमुना १-ई या अतिक्रमणाच्या नोंदवहीत ज्यांची नावे आहेत, त्यांचे पीक त्यांच्याच नावाने संगणकात नोंदवा. तोवर आपल्या शिकलेल्या तरुणांनी गावोगाव १-ईचे उतारे, दंडाच्या जुन्या पावत्या आणि पंचनामे गोळा करावेत, कसणाऱ्यांच्या याद्या करून तहसीलदाराकडे द्याव्यात आणि पोच घ्यावी. मोबाईल आपल्या हातात आहेच; तो जयंतीचे फोटो काढण्यापुरता न ठेवता आपल्या माणसाच्या जमिनीचा पुरावा उभा करण्यासाठी वापरला पाहिजे.