काचा उघड्या की थंड हवा?

मोटारीतील वातानुकूलन यंत्र चालू केले की पेट्रोल अधिक जळते, हे सर्वांना ठाऊक असते. पण काचा उघडल्या म्हणजे थंडावा फुकट मिळाला, असे नाही. यंत्राचा कॉम्प्रेसर इंजिनावर पट्ट्याने चालतो. गाडी उभी असली तरी तो इंधन खातो. उलट, उघड्या काचांतून शिरलेला वारा आत भोवरे करतो व गाडीला मागे ओढतो. हवेचा हा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 40 किलोमीटरला तो जितका, त्याच्या चौपट 80 ला! म्हणून मोहाडीच्या बाजारातून किंवा तुमसरच्या रस्त्याने बेताच्या वेगात जाताना उघड्या काचाच स्वस्त पडतात. भंडाऱ्याहून नागपूरला महामार्गाने भरधाव निघालो, की हा फायदा घटत जातो.

तथापि, केवळ पेट्रोल मोजून निर्णय करू नये, असे माझे मत आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 अंशांपर्यंत चढतो. त्वचेचे तापमान सुमारे 35 अंश असते. त्याहून तापलेला वारा अंगाला उष्णताच देतो. अशा दुपारी गाडीत आजी किंवा तान्हे मूल असता काचा उघड्या ठेवणे ही काटकसर नव्हे. तेव्हा यंत्र अवश्य लावावे.

बचत करावी ती अन्यत्र. गाडी झाडाखाली उभी करावी, निघण्यापूर्वी दारे उघडून तापलेली हवा बाहेर जाऊ द्यावी आणि वेग आवरावा. हिवाळ्यात व सकाळच्या गारव्यात मात्र यंत्राला खुशाल सुट्टी द्यावी!