निवृत्तिवेतनाचे माप

असंघटित कामगाराच्या वार्धक्याची तरतूद म्हणून केंद्र सरकारने २०१० साली ‘स्वावलंबन’ आणले, पाच वर्षांत ते गुंडाळून २०१५ साली ‘अटल पेन्शन’ आणली आणि २०१९ साली तिच्या जोडीला ‘श्रमयोगी मानधन’ उभी केली. २०२५ च्या प्रारंभी श्रम मंत्रालयात ‘सार्वत्रिक’ पेन्शनचा विचार चालू असल्याची वार्ता आली. तीही ऐच्छिक व वर्गणीवर आधारलेली. जुन्या प्रयोगाचा हिशेब न मांडताच नव्याचा नारळ फोडण्याची ही घाई आहे.

२०२५ साली अटल पेन्शनची नोंदणी आठ कोटींपुढे गेली, हा आकडा सरकार अभिमानाने सांगते. परंतु खाती मोजल्याने म्हातारपणाची भाकरी मोजली जात नाही. चाळिसाव्या वर्षी खाते उघडणाऱ्याने वीस वर्षे दरमहा २९१ रुपये भरले, तर साठीनंतर त्याला दरमहा १,००० रुपये मिळतील. त्याच्या मागे जोडीदाराला तेवढेच आणि दोघांच्या पश्चात वारसाला १ लाख ७० हजार. हिशेब केल्यास दिसते की वर्षाचे हे १२,००० रुपये त्या रकमेवरील सुमारे सात टक्के व्याजच होय. कामगाराने पोटाला चिमटा घेऊन साठवलेल्या पैशाचे व्याज त्याच्याच हाती ठेवायचे आणि त्याला सामाजिक सुरक्षा म्हणायचे! गुंतवणुकीचे उत्पन्न कमी पडल्यास तूट भरून देण्याची हमी सरकारने घेतली आहे, हे मान्य केले पाहिजे. मात्र वर्गणीतील सरकारी वाटा केवळ आरंभीच्या सभासदांना व तोही पाच वर्षांपुरता होता.

शिवाय ही हमी रुपयांची आहे, त्या रुपयांच्या मोलाची नाही. भाववाढ वर्षाला पाच टक्के धरली, तर वीस वर्षांनंतरच्या हजार रुपयांत आजच्या पावणेचारशेचाच बाजार होईल. अठराव्या वर्षी योजनेत शिरलेल्या मुलीच्या वाट्याला, बेचाळीस वर्षांनी, आजच्या १३० रुपयांइतकाही माल येणार नाही. बहुसंख्य सभासदांनी हीच हजाराची पायरी निवडली आहे, कारण तिचाच हप्ता त्यांना झेपतो. सरकारी नोकराच्या निवृत्तिवेतनाला महागाईची जोड आहे. ती संघटित लढ्याने टिकली, आणि मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रातील कर्मचारी जुन्या पेन्शनसाठी संपावर गेले होते. त्यांच्याविषयी असूया बाळगण्याचे कारण नाही. तोच न्याय हमालाला, मोलकरणीला व शेतमजुराला का नाही, एवढाच प्रश्न आहे.

जे आजच म्हातारे आहेत त्यांच्यासाठी तर या योजनांत काहीच नाही. अटल पेन्शनचा पहिला हप्ता २०३५ पूर्वी कोणाच्याही हाती पडायचा नाही. पासष्ट ते एकोणऐंशी वर्षांच्या दरिद्री वृद्धासाठी केंद्राचा हिस्सा २००७ साली दरमहा २०० रुपये होता. २०२५ सालीही तो तेवढाच होता. महाराष्ट्रात श्रावणबाळ योजनेतून ही रक्कम १,५०० पर्यंत जाते खरी, पण ती वेळेवर हाती पडावी म्हणून तहसील कचेरीच्या पायऱ्या किती झिजवाव्या लागतात, हे गावोगावचे वृद्ध जाणतात.

मग वेगळा मार्ग नाही काय? तो महाराष्ट्रानेच दाखविला आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याने मजुरीवर लेव्ही बसविली, ती मालकाकडून मंडळाने वसूल केली आणि ज्याला ठरलेला मालकच नव्हता त्या हमालाला भविष्यनिर्वाह निधी व ग्रॅच्युइटी मिळू लागली. लेव्ही बुडविणारे व्यापारी आहेत, बोगस नोंदणीचे प्रकारही घडतात. तरीही वार्धक्याचा भार मालकावर टाकता येतो, हे तेथे सिद्ध झाले. याच हमाल चळवळीतून आलेल्या बाबा आढावांनी अरुणा रॉय यांच्यासह पेन्शन परिषदेमार्फत, किमान वेतनाच्या निम्म्याइतके निवृत्तिवेतन प्रत्येक वृद्ध श्रमिकाला सरकारी तिजोरीतून मिळावे, अशी मागणी केली. श्रम मंत्रालयाला नवा प्रयोग करावयाचाच असेल, तर त्याने एखादा जिल्हा घेऊन तेथे ही मागणी अमलात आणावी, तिला महागाई निर्देशांकाची जोड द्यावी आणि वर्षअखेर त्या जिल्ह्यातील किती वृद्धांची मजुरी सुटली ते मोजावे.