धनुष्य पाहून बाण घ्या



बी-बियाणे आणि खत-पाण्याच्या या सदरात आज धनुष्यबाण कुठून आला, असे तुम्हांला वाटेल. कारण असे की, पाटोदा आणि आष्टी भागातल्या बैठकींत हा विषय अलीकडे दोन बाजूंनी निघतो. कोणी म्हणतो, "साहेब, परदेशात कार्बनच्या बाणाने रानडुक्कर पाडतात असे मोबाइलवर दिसते. आमच्या तुरीत, भुईमुगात डुकरे घुसतात. तसला बाण मागवावा का?" तर एखादी माउली विचारते, "पोरगी शाळेत धनुर्विद्या शिकते. सर म्हणतात, आता कार्बनचे बाण घ्या. कोणते घ्यावेत?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी थोडक्यात देतो, मग दुसऱ्याकडे सविस्तर वळू.

रानडुकरासाठी बाण मागवू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या देशात शिकारीला बंदी आहे. पिकाची नासाडी करणाऱ्या जनावराबाबत कायद्यात वाट आहे, पण ती वनखात्याच्या लेखी परवानगीतून जाते. आपल्या मनाने नाही. काळवीट आणि मोर तर कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांच्या शिकारीला कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ७ वर्षे कैद आहे. मोरांसाठी १९९४ साली जाहीर झालेले नायगावचे अभयारण्य आपल्याच पाटोदा तालुक्यात आहे, हे विसरू नका.

कायदा बाजूला ठेवला तरी आणखी एक गोष्ट आहे. बाण लागला म्हणून जनावर जागीच पडत नाही. बाणाने रक्तस्राव होतो आणि जनावर पळत सुटते. जखमी डुक्कर शेजारच्या कापसात घुसले आणि तिथे बायका खुरपत असतील तर काय होईल, याचा विचार करा. नासाडी झाली तर पीक मोडण्यापूर्वी फोटो काढा, वनरक्षकाला त्वरित कळवा, पंचनामा करून घ्या आणि भरपाईचा अर्ज द्या.

आता मुलीच्या बाणांकडे येऊ. हा प्रश्न मला मोलाचा वाटतो. फलटण तालुक्यातल्या सरडे गावच्या शेतमजुराचा मुलगा प्रवीण जाधव २०१९ साली जागतिक स्पर्धेत भारताच्या रौप्यपदक विजेत्या संघात होता, आणि २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळला. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ साली बर्लिनमध्ये वयाच्या १७ व्या वर्षी जगज्जेती झाली. अंतिम फेरीत तिने १५० पैकी १४९ गुण मिळवले. तेव्हा खेड्यातल्या पोरीच्या हातात धनुष्य आले तर हसू नका. मात्र पैसा लावताना डोळे उघडे ठेवा.

सुरुवात बांबूच्या धनुष्याने करणे चांगले. 'इंडियन राउंड' प्रकारात बांबूचेच धनुष्य चालते आणि खर्चही कमी येतो. हात बसला, सरांनी रिकर्व्ह धनुष्य दिले, की मग कार्बनचा विचार करा. लाकडी बाण हवेतल्या ओलीने वाकतो, अॅल्युमिनियमचा आपटून वाकतो. कार्बनचा बाण हलका आणि सरळ राहतो. तो एकतर सरळ असतो, नाहीतर फुटलेला असतो.

जमीन पाहून वाण निवडतो, तसा धनुष्य पाहून बाण निवडायचा. त्यासाठी चार गोष्टी पाहा.

पहिली गोष्ट, लांबी. मुलीला दोन्ही हात आडवे पसरायला सांगा आणि बोटाच्या टोकापासून टोकापर्यंत इंचात माप घ्या. त्याला अडीचने भागले की ओढीची अंदाजे लांबी मिळते. ६५ इंच आले तर ओढ २६ इंच. नवशिक्याचा बाण ओढीपेक्षा दोन इंच लांब ठेवावा, म्हणजे इथे २८ इंच. बाण आखूड असला तर तो ओढताना धनुष्यावरून मागे सरकतो आणि सुटताना धनुष्य धरलेल्या हातातच घुसतो. मुले वाढतात, म्हणूनही थोडी लांबी जास्त असलेली बरी.

दुसरी गोष्ट, ताठरपणा. याला दुकानदार 'स्पाइन' म्हणतात. २८ इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर बाणाची नळी ठेवून मध्यभागी ८८० ग्रॅम वजन टांगतात. ती जितकी वाकते, ते इंचाच्या हजाराव्या भागात लिहितात. अर्धा इंच वाकली तर स्पाइन ५००. म्हणजे आकडा मोठा तितका बाण लवचीक, आकडा लहान तितका ताठ. बोटांनी दोरी सोडली की बाण क्षणभर वाकतो आणि धनुष्याला वळसा घालून सरळ होतो. हलक्या धनुष्याला ताठ बाण लावला तर तो वाकतच नाही. उजव्या हाताने नेम धरणाऱ्या मुलीचा बाण डावीकडे जातो. मग पोरगी स्वतःलाच दोष देते आणि खेळ सोडते.

फसगत होते ती इथेच. शिकारीसाठी विकले जाणारे बाण साधारण ३००, ३४०, ४०० स्पाइनचे असतात. ते ६०-७० पौंडांच्या कंपाउंड धनुष्यासाठी बनवलेले. शाळकरी मुलीचे रिकर्व्ह धनुष्य २०-२४ पौंडांचे. त्याला १००० च्या आसपासचा बाण लागतो. ४० पौंडांच्या रिकर्व्हला ६०० च्या आसपास. नेमका आकडा कंपनीच्या तक्त्यात पाहून सरांकडून नक्की करून घ्या. धनुष्याच्या पात्यावर लिहिलेले पौंड २८ इंच ओढीचे असतात; ओढ एक इंच कमी झाली की जोर सुमारे दोन पौंडांनी घटतो, हेही हिशेबात धरा.

तिसरी गोष्ट, वजन. बाणाचे वजन ग्रेनमध्ये मोजतात; एका ग्रॅमचे सुमारे साडेपंधरा ग्रेन होतात. धनुष्याच्या दर पौंडामागे ५ ग्रेनपेक्षा हलका बाण कधीच नको, नवशिक्याला ८ ग्रेन धरावे. २२ पौंडांना १७६ ग्रेन, म्हणजे टोक-पिसांसह साधारण साडेअकरा ग्रॅम. सगळे बाण एकाच वजनाचे हवेत. सोनाराच्या काट्यावर तोलून घेतले तरी चालेल.

चौथी गोष्ट, माल. स्वस्तात 'मिश्र कार्बन' म्हणून मिळणारा बाण बहुधा फायबरग्लासच्या नळीवर कार्बनचा पातळ थर दिलेला असतो. तो जड असतो, म्हणून नीट विचारून घ्या. टोक निशाणाचेच, गोलसर घ्या. शिकारीचे पात्याचे टोक घरात आणू नका. नळी घरच्या करवतीने कापू नका, तंतू फाटतात आणि भुकटी श्वासात जाते. मापाने कापूनच मागवा. टोक बसवताना नळी चुलीवर धरू नका, उष्णतेने तिच्यातली राळ खराब होते.

घेतल्यावरची काळजी त्याहून महत्त्वाची. रोज सरावापूर्वी प्रत्येक बाण दोन्ही टोकांना धरून तोंडापासून दूर, हलकासा वाकवा, फिरवून पुन्हा वाकवा. करकर आवाज आला, नख फिरवताना चीर लागली किंवा दोरीत अडकणारी मागची खाच फुटलेली दिसली, तर तो बाण लावू नका. चिरलेला कार्बनचा बाण सुटताना फुटतो आणि त्याच्या काड्या हातात घुसतात. तसा बाण मोडून टाका, म्हणजे धाकटा भाऊ उचलून लावणार नाही. बाण न लावता दोरी ओढून सोडू नये; धनुष्य तडकते.

सराव दगडगोट्यांच्या माळावर नको. निशाणामागे मातीचा उंच बांध असावा आणि पलीकडे पायवाट नसावी. सराव संपला की बाण मोजा. एक कमी भरला तर सापडेपर्यंत शोधा. तुटलेला तुकडा कडब्यात गेला तर तो जनावराच्या पोटात जाईल, आणि त्याची भरपाई कोणी देत नाही.

सुरुवातीला सहा बाण पुरेत, दोन जादा ठेवा. खरेदीपूर्वी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन शालेय स्पर्धा आणि क्रीडा प्रबोधिनीची चौकशी करा. ओढीची लांबी, धनुष्याचे पौंड आणि सरांनी सांगितलेला स्पाइन, हे तीन आकडे कागदावर लिहिल्याशिवाय दुकानात पाऊल टाकू नका. हे आकडे न विचारता बाण देणारा दुकानदार सोडून द्या.

पुढील अंकी हरभऱ्यावरील घाटेअळीविषयी. कळावे.