गिअरबॉक्स उतरवण्याआधी

जुनी फोर व्हील ड्राइव्ह बाळगणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. कुर्ल्याच्या भंगार बाजारात कुणी "पाच गिअरचा आहे साहेब, डायरेक्ट बसतो" म्हणाला, तर लगेच पाकिटाला हात घालू नका. आधी खिशातला खडू काढा.

गिअरबॉक्स जमिनीवर ठेवून पुढच्या शाफ्टवर आणि मागच्या टोकावर रेघ मारा. पहिला गिअर टाका. मागची रेघ एक फेरी पुरी करून जागेवर येईपर्यंत पुढचा शाफ्ट किती वेळा फिरला, ते मोजा. विलीज सीजे-३बी जीपच्या तीन गिअरच्या टी-९० मध्ये हा आकडा २.८ च्या आसपास येतो आणि टॉपला एकास एक. पाच गिअरच्या बॉक्समध्ये पाचव्याला पुढच्या शाफ्टची फेरी अर्धवट असतानाच मागची पुरी झाली पाहिजे. तसं होत नसेल, तर हायवेवर इंजिनाचं ओरडणं तसंच राहणार. मग पाचवा गिअर घेताय कशाला?

बॉडीवरचा नंबर वायर ब्रशने घासून जरूर वाचा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. नंबर बॉडीचा असतो. आतले गिअर कुणी कधी बदलले, ते तो सांगत नाही. टी-९० मध्येच पहिल्या गिअरचे वेगवेगळे रेशो निघाले आणि बाहेरून सगळे सारखेच दिसतात.

आता 'बसतो' म्हणजे काय ते बघू. बेल हाऊसिंगची भोकं जुळली की विकणाऱ्याचं काम झालं, तुमचं तिथून सुरू होतं. जुनी क्लचप्लेट बरोबर घेऊन जा आणि शाफ्टवर सरकवून बघा. नुसते दात मोजू नका. दहा दातांचे शाफ्ट वेगवेगळ्या जाडीचे मिळतात. शाफ्टचं टोक फ्लायव्हीलच्या मधल्या बुशात नीट शिरतं का, शाफ्ट लांबीला पुरतो का, हेही तिथेच तपासा.

खरी गोम मात्र मागच्या बाजूला आहे. जुन्या विलीज जीपला डाना १८ ट्रान्सफर केस गिअरबॉक्सच्या पाठीलाच चिकटलेली असते. तिचा मागचा प्रोपेलर शाफ्ट मधून न निघता उजवीकडून निघतो. गाडीखाली वाकून पाहा, डिफरन्शिअलचा गोळाही उजवीकडेच सरकलेला दिसेल. गिअरबॉक्स लांब आला की ट्रान्सफर मागे जाते, मागचा प्रोपेलर तोकडा करावा लागतो आणि पुढचा वाढवावा लागतो. सीजे-३बीचा व्हीलबेस जेमतेम ८० इंच. मागचा प्रोपेलर मुळातच आखूड, तो आणखी कापला की तिरका कोन वाढतो आणि क्रॉस टिकत नाहीत. शिवाय घाटवाटांवर ही जीप चालते ती लो रेंजच्या जिवावर: पहिल्या गिअरचे २.८ गुणिले लो रेंजचे २.४६ गुणिले मागच्या डिफरन्शिअलचे ५.३८, म्हणजे चाकाच्या एका फेरीमागे इंजिनाच्या साधारण ३७ फेऱ्या. नव्या बॉक्सचा पहिला गिअर घेऊन हाच गुणाकार आधी कागदावर करा.

मारुती जिप्सीवाल्यांचं काम त्या मानाने सोपं. तिथे ट्रान्सफर सुटी असते, मध्ये छोटा शाफ्ट असतो. लांबीचा फरक बहुतेक तिथेच निस्तरता येतो. मात्र मोजणी गिअरबॉक्सच्या मागच्या टोकावरच करा, कारण जिप्सीच्या ट्रान्सफरमध्ये हाय रेंजसुद्धा एकास एक नसते.

आणि मुळात बदलायची गरज आहे का? टी-९० च्या पहिल्या गिअरला सिंक्रो रिंग नसतेच. चालत्या गाडीत पहिला टाकताना करकर झाली, तर तो बिघाड नव्हे; गाडी थांबवा किंवा डबल क्लच शिका. ट्रान्सफरमध्ये तेल वाढलं आणि गिअरबॉक्समध्ये उतरलं, तर बरेचदा मधलं सील गेलेलं असतं. पितळी रिंगांच्या जुन्या बॉक्समध्ये जीएल-५ तेल डोळे झाकून ओतू नका. त्यातली रसायनं पितळ खाऊ शकतात, जीएल-४ मागून घ्या. गिअर सुटत असेल, तर बेअरिंगं आणि रिंगा बदलून पाहणं लांबचा बॉक्स आणून वेल्डिंग करत बसण्यापेक्षा बहुधा स्वस्त पडतं.

तरीही बदलायचाच ठरला, तर नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली शिरू नका, स्टँड लावा. गिअरबॉक्सबरोबर इंजिनही बदलणार असाल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरटीओची परवानगी आधी काढा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. उतरवलेला जुना बॉक्स भंगारात घालू नका. तेलाचा हात फिरवून, तोंडं कापडाने बांधून ठेवा. उद्या गाडी विकाल तेव्हा मूळ बॉक्स हवा असणारा गिऱ्हाईक भेटू शकतो.